दावं मागं राहिलं : वाशीम ते जवळा बाजार

जवळा बाजारला येऊन आता आम्ही चांगले रुळलो, तेव्हा वाशीमच्या मैत्रिणींनी जो लकडा लावला आहे तो एकदाचा संपवते. "एवढं खटलं घेऊन तू मोगलाईत गेलीस तरी कशी?" जी भेटते ती हेच विचारते. कशी म्हणजे काय? बैलगाडीतून गेले, वाटभर भांडत गेले, आणि एक दिवस नदीकाठी बसून रडलेही. पण सगळे मिळून पोचलो.

निघण्याआधी

आमच्या ह्यांना जवळा बाजारच्या कापसाच्या नव्या जिनात फिटरची नोकरी लागली. वाशीमचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं. सामान म्हणाल तर दोन ट्रंका, जातं, बाजा आणि भांडीकुंडी. खरं बिऱ्हाड होतं ते चार पायांचं आणि दोन पंखांचं. तांबू गाय, शिपाई नावाचा कुत्रा, ठकी मांजर आणि मिठू पोपट.

हे एका संध्याकाळी जेवून उठले आणि हात पुसता पुसता सगळ्यांची वाट लावून मोकळे झाले. "गाय शेजारच्या कोंडाबाईला देऊ. कुत्रं इथल्या पहारेकऱ्याला. मांजर घराचं असतं, ते घरातच राहील. पोपट सोडून देऊ."

मी म्हटलं, "आणि मला कुणाला देताय?"

उत्तर कोपऱ्यातून आलं. तिथं मामंजी बसले होते, माझे सासरे. मोतीबिंदूनं त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ते म्हणाले, "तांबू आली तं मी येतो. नाही तं मी सीतेच्या घरी राह्यतो." सीता म्हणजे आमच्या वन्सं, वाशीमलाच दिल्या आहेत.

"अहो आबा, भाकड गाय ती! एवढ्या लांब पायी न्यायची?" हे म्हणाले.

"मी तरी कोणतं दूध देऊन राह्यलो?" मामंजी म्हणाले. "अन् आयक, तिथं तिचं मन नाही रमलं, तं तिले घेऊन मी वापस येईन. मंग मले थांबवाचं नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाई गेल्या तेव्हा हे लहान होते. मामंजींनीच भाकऱ्या थापून ह्यांना वाढवलं. बापाला सोडून हे एक रात्र कुठं राहिलेले नाहीत. माझं म्हणाल तर मला वडील आठवत नाहीत. लग्न होऊन आल्यावर 'पोरी' म्हणून हाक मारणारं माणूस मला या घरात पहिल्यांदा भेटलं. आणि तांबू ही सासूबाईंनी बोटानं ताक पाजून जगवलेल्या गाईची लेक. तेव्हा गाय येणार हे ठरलं, आणि गाय येणार तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? सगळेच येणार.

वाशीमला रेल्वे नाही. हिंगोलीला आहे, पण ती तिथून पलीकडे पूर्णेला जाते. आमच्या काय कामाची? सर्व्हिस मोटारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, ही मोटार आहे, कोंडवाडा नव्हे." मग हरबाजी गाडीवान ठरवला. एक गाडी तो हाकणार, दुसरी त्याचा मेव्हणा.

मी तालीम सुरू केली. रोज सकाळी तांबूला हरबाजीच्या गाडीमागं बांधून गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत फिरवायची. ठकीसाठी झाकणाची दुरडी आणली आणि रोज तीत दूध ठेवायची. ठकी आपण होऊन आत जायची आणि झाकण लावलं की घोरायची. गल्लीतल्या बायका हसायच्या. एकीनं विचारलंच, "अगं, मांजरीला सासरी पाठवतेस का?" हसेनात का! जिचं जळतं तिलाच कळतं.

तांबूसाठी मी बाजारातून नवं दावं आणलं, लाल गोंड्यांचं. लेक परगावी निघाली की तिला नवं लुगडं नेसवतो, तसं मला वाटलं. जुनं दावं सोडून गाडीत टाकणार, तोच कोंडाबाई धावत आली.

"जुनं दावं नेऊ नगा, वैनी! जनावर दारातून गेलं तरी दावं खुट्यालेच राहू द्याव. नाही तं लक्ष्मी जाते."

आपल्याकडची रीतच आहे ती. गाय विकली तरी गाय देतात, दावं देत नाहीत. निघायच्या घाईत मी मान हलवली आणि जुनं दावं खुंट्यालाच गुंडाळून ठेवलं. घर भाड्याचं, आम्ही कायमचे निघालेलो, आणि लक्ष्मी मात्र ठेवून चाललो घरमालकासाठी! हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

निघायच्या दिवशी ठकी दुरडीकडे ढुंकून बघेना. शेवटी हातावर ओरखडे घेऊन तिला कोंबली.

पैनगंगा आणि नाकं

थंडी होती, पण गोड. दोन्ही अंगाला ज्वारीची शेतं, कणसं दाण्यानं भरलेली. एका शेतातून हुरड्याचा वास आला आणि हरबाजीनं गाडी आपण होऊन थांबवली. शेतकरी ना ओळखीचा ना पाळखीचा, म्हणाला, "बसा की. हुरडा खाल्ल्याबिगर कसे जासान?" गरम हुरडा, लसणाची चटणी आणि वर ताक. मिठूनंही चोच भरून घेतली. मामंजी पागोटं डोक्यावर तसंच ठेवून खात होते. त्यांचा नेमच आहे: पागोटं उतरवायचं ते आपल्या घरात, आपल्या खुंटीवर. परक्या ठिकाणी ते डोक्यावर, नाही तर मांडीवर.

त्या शेतकऱ्यानं तांबूकडे बघून विचारलं, "कितीला घेतली?"

"घेतली नाही, घरची आहे," मी म्हटलं.

पुढच्या गावी पाणी शेंदणाऱ्या बाईनं तेच विचारलं. मग एका मेंढपाळानं. मला कळेना, या लोकांना आमच्या गाईत बाजार का दिसतो! मामंजी मात्र प्रत्येक वेळी मान वळवून ऐकत होते.

पैनगंगेला पाणी घोट्याएवढं. बैल सहज उतरून गेले. तांबू मात्र काठावर चारी पाय रोवून उभी राहिली आणि मागं बघू लागली. तालमीत असं कधी केलं नव्हतं हो तिनं. हरबाजीनं मागून रेटली, ह्यांनी पुढून ओढली, शिपाईनं भुंकून भुंकून जीव नकोसा केला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. कशीबशी पार झाली.

पलीकडे कनेरगावचं नाकं. इथं इंग्रजांचा वऱ्हाड संपतो आणि निजामाचं राज्य लागतं. माल आत न्यायचा तर महसूल भरावा लागतो. नाक्यावरचे मुन्शी पोटानं मोठे, डोक्यावर लाल तुर्की टोपी. त्यांनी ट्रंका बघितल्या, जात्यावर छडी वाजवली आणि तांबूपाशी येऊन थांबले.

"ये गाय खरेदीची दिसते. महसूल लागेल, बराबर?"

"घरची आहे हो, साहेब," हे म्हणाले.

"घरची? मग दावं नवं कोरं कसं? आमी काय रोज जनावरं बघत न्हाई?"

मामंजी गाडीतून उतरले. चाचपडत तांबूपाशी गेले. तिच्या गळ्यावरून हात फिरवला, दाव्यावरून फिरवला, गोंडा बोटांत धरला. "हे कोन्तं दावं हाय? तिचं कुठं हाय?"

मी खाली मान घालून सांगितलं, "खुंट्याला ठेवलं, मामंजी. कोंडाबाई म्हणाली, लक्ष्मी..."

"म्हन्जे तुमी गाय इकली," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गाडीतून मिठू माझ्या आवाजात ओरडला, "या, बसा! चहा टाकते!"

मुन्शींचं पोट हलायला लागलं. "वा रे वा! नाक्यावर आम्हालाच चहाची दावत!" ते इतके हसले की टोपी सावरावी लागली. "जाव बाबा, जाव. विकत घेतलेल्या गाईसाठी म्हातारा असा उभा राहत नाही. काही तकलीफ झाली तर सांगा." वर आम्हाला चहाही पाजला. आपल्याकडे वाटसरूला गूळपाणी देतात. इथं बशीत ओतून चहा, तोही साय घातलेला.

पण मला तो चहा गोड लागला नाही.

तांडा

मुक्काम पुढच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर झाला. ही माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची. आता शेती करतात. जमनाबाई नावाच्या बाईनं आम्हाला अंगण झाडून दिलं. कोपरापर्यंत बांगड्या, आरसे जडवलेली चोळी, आणि हसणं असं की चार घरं ऐकतील. माझं नऊवारी तिला फार गमतीचं वाटलं. "एवढं कापड कशाला गुंडाळून राहिलीस ग बाई?" मी म्हटलं, "आणि तू एवढे आरसे कशाला? तोंड किती वेळा बघायचं?" झालं, गट्टी जमली. जाड भाकरी आणि अंबाडीची भाजी, लसूण असा की नाकातून धूर. मामंजींनी अर्धीच भाकरी खाल्ली.

सकाळी उठून बघते तो खुंट्याला नुसतं नवं दावं, गोंड्यांसकट. दाव्यातून मान काढून तांबू निघून गेलेली. शिपाई शेजारी घोरत होता. शिपाई नाव ठेवलं म्हणून कुणाला पहारा येत नाही!

हरबाजीनं शोध लावला. तांबू पैनगंगेच्या काठावर उभी होती, पुढचे पाय पाण्यात, तोंड वाशीमकडे. आम्ही सगळे धावलो. कडबा दाखवला, गूळ दाखवला, दटावलं. ती ना पुढं जाईना, ना मागं वळेना.

मामंजींना हरबाजीनं हाताला धरून आणलं. ते तिच्या अंगाला टेकून वाळूत बसले. "तिचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तिले वाटून राह्यलं, आपल्याले इकलं. मलेबी तसंच वाटून राह्यलं, पोरी. तुमी आपले जा सुखानं. मी अन् तांबू जातो सीतेकडं."

मला रडू आवरेना. नव्या दाव्याचा लाल गोंडा मी किती हौसेनं निवडला होता! हे माझ्याजवळ आले आणि वाळूत पायाच्या अंगठ्यानं रेघा ओढत राहिले.

जमनाबाई मागोमाग आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रडतीस काहून? तुमी गाववाले असेच. भांडी नेता, पोरं नेता, अन् खुटा तिथंच सोडून येता. आमचे म्हातारे जलमभर चालले. खुटं संगं घेऊन चालले. रोज नवं रान, पन खुटा तोच, दावं तेच. जनावर येतं बराबर."

ह्यांनी मान वर केली. तडक तांड्यावर गेले, नवं दावं घेतलं, नाक्यावर जाऊन मुन्शींची सायकल मागितली आणि वाशीमच्या वाटेला लागले. फिटर माणूस, बोलता येत नाही, पण काही मोडलं की हात स्वस्थ बसत नाहीत.

तो दिवस आम्ही नदीकाठीच काढला. जमनाबाईनं भाकऱ्या आणल्या. मामंजी आणि ती, दोघं मिळून जुन्या बैलांच्या गोष्टी काढून बसले. कुठल्या बैलाला गूळ आवडायचा आणि कुठला पाण्याला भ्यायचा. मामंजी चक्क हसले. तांबू पाण्यात उभी राहून ऐकत होती. मीही जमनाबाईकडून जाड भाकरी थापायला शिकले, ती आजही माझी मोडतेच.

दिवेलागणीला सायकलची घंटा वाजली. ह्यांच्या पाठीवर पंच्यात बांधलेलं गाठोडं. आत जुनं दावं, घामानं आणि हातांनी काळं गुळगुळीत झालेलं. आणि खुंटा! बाभळीचा, वर दाव्यानं खाच पडलेला, खाली अजून अंगणातली माती लागलेला.

"कोंडाबाई काय म्हणाली?" मी विचारलं.

"बोंबलली. लक्ष्मी जाईल म्हणाली. मी नवा खुंटा ठोकून त्याला तुझं गोंड्यांचं दावं बांधून आलो. म्हटलं, लक्ष्मीला नवंच आवडतं."

मामंजींनी खुंटा मांडीवर घेतला. खाचेवरून बोट फिरवलं. मग उठून जुनं दावं तांबूच्या गळ्यात बांधलं आणि "चाल, माय" म्हणाले. ती वळली. दाव्यामुळं वळली, की त्यांच्या हातामुळं, की दिवसभर उभं राहून कंटाळली होती म्हणून, देव जाणे. मी विचारायला गेले नाही.

हिंगोली

त्यानंतर मामंजी गाडीत मागच्या बाजूला बसून दावं स्वतःच्या हातात धरायचे. तांबू मुकाट्यानं चालायची. तरी त्यांनी हरबाजीला सांगून ठेवलं होतं, "जवळ्याहून वापस निघशीन तवा माही जागा ठेवजो. गाय कशी राह्यते ते पाह्यल्याबिगर मी काही बोलत नाही." ह्यांनी ते ऐकलं आणि बिडी पेटवली.

हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग लागले होते. उकडून वाळवलेली हळद, वासानं नाक हुळहुळतं. आणि तिथंच ठकीनं दुरडीचं झाकण उचलून उडी घेतली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! ह्या दुकानातून त्या दुकानात, मागं मी पदर खोचून, माझ्यामागं शिपाई. एका अडत्याच्या कुटलेल्या हळदीच्या ढिगात ती घुसली आणि बाहेर आली ती कानापासून शेपटीपर्यंत पिवळीधमक.

अडत्या रागावेल असं वाटलं. तो पोट धरून म्हणाला, "घ्या, बाई! पोरीला हळद लागली, आता नवरदेव बघा!" सारा बाजार हसला. मामंजींना दिसत नव्हतं म्हणून हरबाजीनं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, तर ते गाडीत आडवे झाले हसून हसून. पागोटं तेवढं हातानं घट्ट धरलेलं.

जवळा बाजार

औंढ्याला नागनाथापुढं नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना जवळ्याला पोचलो. घर लहान, पण अंगण मोठं, मागं लिंबाचं झाड. वाशीमला बाजार म्हणजे दुकानांच्या रांगा. इथं आठवड्याचा बाजार, एरवी गल्ली निवांत. शेजारीण तांब्या घेऊन आली ती माझ्याकडे न येता आधी गाईकडे गेली. तिच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि मग मला म्हणाली, "घरची दिसून राहिली."

"कशावरून?" मी विचारलं.

"दावं जुनं हाय की."

मी तिथंच तिला मिठी मारणार होते. ती बावरली असती म्हणून आवरलं.

ह्यांनी देवांची ट्रंकही सोडायच्या आधी लिंबाखाली खुंटा ठोकला. तांबूनं खुंटा हुंगला, पण कडब्याला तोंड लावलं नाही. उभीच राहिली. मामंजी दाराशी पागोटं घालून बसून राहिले. दुसरा दिवसही तसाच. ती पाणी प्यायली, दोन काड्या चघळल्या, बसली मात्र नाही. हरबाजीच्या बैलांचा विसावा झाला होता. उद्या सकाळी निघतो म्हणाला. त्या दिवशी घरात कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. मी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि कुणी नाव ठेवलं नाही, यावरून ओळखा.

सकाळी हरबाजीनं गाडी जुंपली आणि हाक मारली, "आबा, चला! ऊन व्हायच्या आत निघू."

मी मागच्या दारी गेले. तांबू लिंबाखाली चारी पाय दुमडून बसली होती आणि डोळे मिटून रवंथ करत होती. ठकी, अजून पिवळसरच, तिच्या पाठीवर वेटोळं करून झोपलेली. मामंजी शेजारी बसून तांबूच्या मानेखाली खाजवत होते. त्यांचं पांढरं डोकं उघडं होतं. मी लग्न होऊन आल्यापासून ते डोकं घराबाहेर उघडं पाहिलं नव्हतं.

"आबा! येता ना?" हरबाजी पुन्हा ओरडला.

"आलो असतो रे," मामंजी म्हणाले, "पन माहं पागोटं सापडून नाही राह्यलं. डोये असे. कुठं ठेवलं काय माहीत. सूनबाई, पाह्य बरं."

मी घरात वळले. दाराच्या आत, भिंतीतल्या खुंटीवर पागोटं टांगलेलं होतं, नीट, सरळ, वाशीमच्या घरात टांगलेलं असायचं तसंच. हे शेजारी उभे होते. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

मी दारातून ओरडून सांगितलं, "नाही हो मामंजी, मलाही कुठं दिसत नाही!"